अलाइनर लावल्यापासून मला सारखे विचारले जाणारे प्रश्न (च्या, भडंग आणि हळद धरून)

मी सांगलीच्या मार्केट यार्डात एका हळदीच्या अडतीवर हिशेबाला असतो. वय ३६. पुढचे दोन दात लहानपणापासून एकमेकांच्या अंगावर चढलेले आणि खालच्या रांगेत सकाळच्या मिरज सिटी बसमध्ये असते तेवढी गर्दी. दीड वर्षामागं दिवाळी झाली आणि अलाइनर लावले, तेव्हापासून घरी, दुकानात, लग्नात, कट्ट्यावर तेच तेच प्रश्न येतायत, म्हणून एकदाच सगळं टाइप करून ठेवतोय, म्हणजे पुढच्या माणसाला नुसतं फॉरवर्ड करता येईल. मी डॉक्टर नाही. तुमच्या तोंडाचं तुमचे डॉक्टर सांगतील तेच खरं धरा.

तोंडात नेमकं घातलंय काय?

पारदर्शक प्लास्टिकचं पातळ टोपण समजा, एक वरच्या दातांना, एक खालच्या. जाडी एक मिलिमीटरच्या आतच. डॉक्टर तोंडात जाडसर पेनसारखा कॅमेरा फिरवून दातांचं स्कॅन घेतात, मग कॉम्प्युटरवर दात आत्ता कुठं आहेत आणि शेवटी कुठं यायला पाहिजेत ते मांडतात आणि मधले टप्पे पाडतात, एका टप्प्याला एक जोड. माझे २६ जोड निघाले, दर दहा दिवसांनी बदलायचे. काहींना सात दिवस सांगतात, काहींना चौदा. एक जोड दाताला जास्तीत जास्त पाव मिलिमीटरच्या आसपास सरकवतो. हे टोपण, म्हणजे ट्रे, घट्ट लागतो कारण तो आजच्या दाताच्या मापाचा नसतोच, दहा दिवसांनी दात जिथं असायला पाहिजे त्या मापाचा असतो. सारखा दाब राहिला की दात ज्या बाजूला ढकलला जातोय तिकडचं हाड झिजतं आणि मागच्या बाजूला नवीन हाड भरत येतं, असं करत दात सरकतो. मी हे शेठना सांगितलं तर म्हणाले, म्हणजे बांध कोरल्यासारखंच की, रोज थोडा थोडा, शेजाऱ्याला कळत नाही. एवढं बरोबर मला डॉक्टरांनीपण समजावलं नव्हतं.

हे आत्ताचं फॅड आहे ना?

दिसायला नवीन आहे, कल्पना जुनी आहे. अमेरिकेत केसलिंग नावाच्या डॉक्टरांनी १९४५ मध्येच रबराचा साचा वापरून दात थोडे थोडे सरकवता येतील असं मांडलं होतं. पण प्रत्येक टप्प्याला हातानं नवीन मॉडेल करणं कुणाला परवडणार. कॉम्प्युटर आणि थ्रीडी प्रिंटिंग आल्यावर ते जमलं, १९९७ मध्ये कॅलिफोर्नियात अलाइन टेक्नॉलॉजी ही कंपनी निघाली, तीच इनव्हिजलाइन नावाचे अलाइनर काढणारी. आता भारतातल्यापण बऱ्याच कंपन्या करतायत.

दुखतंय का?

टोचल्यासारखं दुखत नाही, दाबल्यासारखं दुखतंय. नवीन जोड घातला की दोन-तीन दिवस दात ठणकतात, भाकरीचा पहिला घास चावताना डोळे मिटतात, मग विसरायला होतंय. पहिला जोड सगळ्यात वाईट, कारण तोंडाला सवयच नसते. नवीन जोड रात्री जेवून ब्रश झाला की घालायचा, पहिले सात-आठ तास झोपेत निघून जातात. ट्रेची कड गालाला किंवा जिभेला घासली तर डॉक्टरांकडून मेण मिळतं ते लावायचं, किंवा त्यांच्याकडून कड घासून घ्यायची. नेलकटरनं कापत बसू नका, मी बसलो होतो.

दिवसातले २२ तास? खरंच?

खरंच. २० ते २२ सांगतात, आणि सगळी ट्रीटमेंट इथंच अडकते. प्लास्टिक हुशार असो की साधं, ते डबीत असेल तर दात काय डबीत येऊन सरकणार नाहीत.

मी पहिल्या आठवड्यात हिशेबाचा माणूस म्हणून वहीत मांडून बघितलं. २४ मधून २२ गेले, राहिले १२० मिनिटं. सकाळी नाष्टा आणि च्या २० मिनिटं, दुपारचा डबा ३०, संध्याकाळचा च्या १५, रात्रीचं जेवण ३०, झाले ९५. प्रत्येक वेळी चूळ भरून ब्रश करायचा, त्याची एकूण वीसेक मिनिटं धरा, ११५. शिल्लक पाच मिनिटं. म्हणजे दिवसभरात एक शेंगदाणा जास्तीचा खायला जागा नाही! आणि मी असा माणूस, की पेटीवरच्या ताटलीतले बेदाणे येताजाता तोंडात टाकणारा, तासगावहून कुणी द्राक्षाची पेटी आणली तर उभ्या उभ्या अर्धा किलो संपवणारा. अलाइनरनं दात नंतर सरळ केले, आधी ही सवय मोडली. पहिल्या दोन महिन्यांत माझं साडेतीन किलो वजन उतरलं आणि आई शेजारच्या काकूंना सांगत होती की त्या प्लास्टिकमुळं पोरगं खंगलं.

कमी तास घातला तर काय होतंय? पुढचा जोड बसत नाही. बसल्यासारखा वाटतो, पण दात आणि ट्रेच्या मध्ये फट दिसते. पाचव्या जोडाला, लग्नसराईत, माझं तसंच झालं, मग तोच जोड अजून आठवडाभर घालायला लागला. मोबाईलला टायमर लावा, काढला की चालू, घातला की बंद. अंदाजावर गेलं तर आपण आपल्यालाच फसवतो.

च्या पिताना काढायलाच पाहिजे का? एक घोट तरी?

हा प्रश्न एकट्या मार्केट यार्डातून शंभर वेळा आलाय. काढायचा. ट्रे घालून फक्त साधं पाणी प्यायचं, तेपण गरम नाही.

कारण दोन. एक तर हे प्लास्टिक उष्णतेनं वाकतं, च्या गरम असला की ट्रेचा आकार थोडा का असेना बिघडतो, आणि जिथं पाव मिलिमीटरचा खेळ आहे तिथं थोडापण चालत नाही. दुसरं कारण जास्त वाईट. गोड च्या ट्रेच्या आत शिरतो आणि तिथंच बसून राहतो. एरवी लाळ दात धूत असते, ट्रेच्या आत ती नीट पोचत नाही, म्हणजे साखरेच्या पाण्यात दात भिजत घातल्यासारखं होतंय. सरळ झालेले पण किडलेले दात घेऊन काय करायचं?

आता प्रॅक्टिकल सांगतो. आमच्याकडं सौद्याच्या दिवसात च्या म्हणजे मोजायची गोष्ट नाही, शेतकरी आला की च्या, व्यापारी आला की च्या, पट्टी झाली की च्या. नऊ-दहा तरी व्हायचे. नाही म्हटलं तर समोरच्याला वाटतं भावावर नाराज आहे की काय. पहिल्या दिवशी मी प्रत्येक कपाला मागं नळावर जाऊन ट्रे काढून आलो, चौथ्या वेळी च्यावालं पोरगं म्हणालं, दादा पोट बिघडलंय का. तेव्हा ठरवलं, यार्डात एकच च्या, साडेचारचा, बसून, बिस्किटासकट. बाकीच्या वेळी ग्लासात साधं पाणी घेऊन बसायचं आणि ग्लासाला ग्लास लावायचा. हातात ग्लास असला की कुणी विचारत नाही, हे मला आधी कुणी सांगितलं असतं तर बरं झालं असतं. काहीजण स्ट्रॉनं थंड च्या पितात म्हणे. त्याला मी च्या म्हणत नाही.

बोलताना जीभ अडखळते का?

पाच-सहा दिवस. स आणि श ची गंमत होते, आणि माझं सगळं कामच स चं आहे हो, सांगली, सेलम, सौदा, शेठ, साडेसोळा हजार. पहिल्या दिवशी फोनवर एका शेतकऱ्याला भाव सांगितला तर ते म्हणाले, सकाळीच बसलाय व्हय? उपाय एकच, मोठ्यानं बोलत राहणं. मी रात्री पोराचं मराठीचं पुस्तक मोठ्यानं वाचायचो, पोराचा अभ्यास झाला आणि माझी जीभ वळली. लाजून ट्रे काढून बोललात तर सवय लागतच नाही. आमच्या गल्लीतल्या एक वहिनी भजनी मंडळात आहेत, त्यांनी विचारलं गाता येईल का. येतं, पहिला आठवडा पुढं बसू नका एवढंच.

दातावर ते दाण्यासारखं काय आहे?

त्यांना अटॅचमेंट म्हणतात, आम्ही बटणं म्हणतो. दाताच्या रंगाची सिमेंट भरतात ना, तेच मटेरियल, त्याचे छोटे उंचवटे चिकटवतात. ट्रे नुसत्या गुळगुळीत दातावरून सटकतो, बटणामुळं त्याला पकड मिळते. मला वर सहा आणि खाली चार होती. जिभेला पहिले काही दिवस खडीवरून फिरल्यासारखं वाटतं. शेवटी घासून काढतात, दुखत नाही.

दोन दातांच्या मध्ये घासतात का, असंपण विचारतात. जागा कमी असली तर काही ठिकाणी घासतात, मिलिमीटरच्या दोन-तीन दशांशाएवढं. मला चार ठिकाणी घासलं, बधिर करायलापण लागलं नाही, फक्त आवाज नको वाटतो.

भडंग खाता येतंय का?

सांगलीत राहून हा प्रश्न येणारच. येतंय. ट्रे काढून काहीपण खाता येतं, तारांपेक्षा हेच तर सुख आहे. पण भडंगाचं असं आहे की ते पंधरा मिनिटांत संपवायचा पदार्थ नाही, ते समोर पातेलं ठेवून गप्पा मारत तासभर खायचं असतंय. आणि खाल्ल्यावर लसणाची सालं नि शेंगदाण्याचा चुरा बटणांच्या कडेला असा जाऊन बसतो की आरसा आणि छोटा ब्रश घेऊन उभं राहावं लागतं. तसाच ट्रे चढवला तर संध्याकाळपर्यंत तोंडात लसणाचं गोडाऊन. मी आता भडंग रविवारी खातो, जेवणाच्या ऐवजी, टायमर लावून.

ऊस मात्र दातानं सोलू नका. मी आष्ट्याला मामाच्या रानात सोलला, सुळ्यावरचं बटण उसाच्या सालीबरोबर गेलं. कणीस पुढच्या दातानं खायचं असलं तर दाणे काढून खा. एक बटण पडलं तर जग बुडत नाही, डॉक्टरांना फोन करा, ट्रे घालत राहा, पुढच्या खेपेला परत बसवतात.

हळदीनं पिवळं होतंय का?

होतंय! आणि हा विषय माझा आहे, त्यामुळं जरा सविस्तर.

हळदीचा पिवळा रंग कर्क्युमिनचा. त्याला प्लास्टिक फार आवडतं, डब्याचं झाकण बघा घरातलं. आमटी खाऊन ब्रश न करता ट्रे घातला तर दोन दिवसांत कडा पिवळ्या. माझं तर जेवणाच्यापण पुढचं. फेब्रुवारी-मार्चमध्ये नवीन हळद येते, राजापुरीची पोती फोडली जातात, धूळ उडते, संध्याकाळी रुमाल झटकला तर पिवळा ढग निघतो. माझा अकरावा का बारावा जोड, तोंडात असा दिसत होता की हमालमामांनी विचारलं सोन्याचे बसवले काय, किती तोळं.

उपाय: सौदा चालू असताना तोंड मिटून ठेवायचं (अडतीवर अशक्य), नाहीतर मास्क. दर तास-दोन तासांनी पाण्यानं चूळ भरायची, त्यासाठी ट्रे काढायची गरज नाही. आणि धीर धरायचा, दहा दिवसांनी तो जोड जाणारच असतो. बटणं जास्त पिवळी पडली तर डॉक्टर पॉलिश करून देतात. पॉलिश म्हटल्यावर मला हसू आलं, आमच्याकडं हळद पिवळीधमक दिसावी म्हणून पॉलिश करतात, तिथं ती जावी म्हणून.

धुवायचं कशानं?

साधं पाणी, मऊ ब्रश, हात धुवायच्या लिक्विडचा एक थेंब. टूथपेस्ट नको, तिनं बारीक चरे पडतात आणि ट्रे धुरकट होतो. कवळीच्या गोळ्या मिळतात, त्या आठवड्यातनं एकदोनदा चालतात. गरम पाणी अजिबात नको.

हे शेवटचं वाक्य मी घरात सांगायला विसरलो होतो. आईनं एकदा बेसिनवर ट्रे बघितले, पोरगं तोंडात घालतंय, स्वच्छ असायला पाहिजेत म्हणून पातेल्यात उकळत्या पाण्यात टाकले, लहानपणी आमच्या बाटल्या उकळायची तसे. मी आंघोळ करून आलो तर पातेल्यात दोन आकसलेली शिंपली. तिला काही बोललो नाही. नशीब की जोडाचे आठ दिवस झाले होते, डॉक्टर म्हणाले पुढचा घाला.

बाहेर जेवायला गेल्यावर ठेवायचा कुठं?

डबीत. फक्त डबीत. शर्टच्या खिशात नाही, ताटाच्या कडेला नाही आणि टिश्यूत तर मेलो तरी नाही.

मिरजेत मावसभावाच्या लग्नात मी डबी गाडीतच विसरलो. पंगत बसलेली, जिलेबी आली, मी हळूच ट्रे काढून टिश्यूत गुंडाळून पानाच्या डाव्या हाताला ठेवले. शेजारी आत्या. गप्पा रंगल्या, उठलो, हात धुतले आणि बेसिनच्या आरशात स्वतःचे मोकळे दात बघितले. पळत आलो तर पानं उचललेली, दुसरी पंगत बसलेली. मग मी इस्त्रीच्या कुर्त्यात कार्यालयाच्या मागं ड्रममध्ये हात घालून उष्ट्या पत्रावळ्या उलथतोय आणि वाढपी विचारतायत पाहुणे अंगठी हरवली का. खालचा सापडला. वरचा भाताखाली चेपून फुटलेला होता.

हरवला किंवा फुटला तर करायचं काय, तर आधीचा जोड घालायचा आणि डॉक्टरांना फोन. ते ठरवतात मागं जायचं की पुढं. म्हणून आधीचा जोड कधी फेकायचा नाही. पण काहीच न घालता दोन-तीन दिवस राहू नका, दात परत फिरायला लागतात.

काढायचंपण एक तंत्र आहे. पुढून ओढायचा नाही, आतल्या बाजूनं मागच्या दाढेपासून नखानं सोडवत यायचं, आधी एक बाजू, मग दुसरी. चारचौघांत काढताना लाळेची तार येते, तोंड बाजूला करून काढा, सगळ्यांचीच येते.

उपास असला की?

उलट सोपं, तोंड बंद राहतं. फक्त दर तासाला राजगिऱ्याचा लाडू, केळं, वेफर्स असा उपास करणाऱ्यांचं कठीण आहे. साबुदाणा बटणांना चिकटतो, ब्रश लागतोच.

मावा, तंबाखू?

लोक खासगीत विचारतात, मी उघड सांगतो. ट्रे घालून मावा होत नाही, आणि २२ तास ट्रे म्हटल्यावर मावा बसवायला जागा राहत नाही. आमच्या इथल्या एकाचा मावा याच भानगडीत निम्म्यावर आला. हिरड्या खराब असतील तर डॉक्टर आधी त्याच सुधारायला लावतात, कीड असली तर आधी ती भरतात, मगच हे सुरू. ढिल्या जमिनीत खांब सरकवला तर तो पडणारच.

तारा बऱ्या की हे? पैसे किती?

मला सव्वा लाख लागले, तारांना त्याच ठिकाणी निम्म्याहून कमी सांगत होते. केसप्रमाणं फरक पडतो. तारांची खरी खूबी म्हणजे त्या काढता येत नाहीत, म्हणजे पेशंटच्या शिस्तीवर काम अडत नाही. सुळ्यासारखा गोलसर दात खूप वळलेला असला किंवा दात काढून मोठी जागा भरायची असली तर बऱ्याच वेळा तारा जास्त कामाच्या असतात. डॉक्टर म्हणाले तारा, तर वाद घालू नका. आणि ज्याला डबी सांभाळायची अक्कल नाही त्यानं तारा घ्याव्यात, हे माझं मत, लग्नानंतरचं.

ऑनलाइन घरपोच किट स्वस्त पडतं म्हणे?

दातांच्या मुळाखाली हाड किती आहे, एखादी अक्कलदाढ आडवी आहे का, हे एक्स-रेशिवाय कसं कळणार? अमेरिकेत स्माइल डायरेक्ट क्लब नावाची घरपोच अलाइनरवाली मोठी कंपनी डिसेंबर २०२३ मध्ये बंद पडली आणि लोकांची अर्धी ट्रीटमेंट तोंडातच राहिली. आपल्याकडं सांगली-मिरजेत हाकेच्या अंतरावर ऑर्थोचे, म्हणजे दात सरळ करणारे (हाडाचे नव्हे), डॉक्टर आहेत. एमडीएस ऑर्थो आहेत का ते बोर्डावर बघा आणि जा. दर दीड-दोन महिन्यांनी स्वतः तोंड उघडून बघणारा माणूस पाहिजे.

२६ जोड झाले, मग सुटलात?

नाही ना. खालचा एक दात ऐकला नाही, परत स्कॅन, परत नऊ जोड. याला रिफाइनमेंट म्हणतात आणि हे बहुतेकांचं होतंय, त्यामुळं सुरुवातीलाच विचारून घ्या की त्याचे पैसे पॅकेजमध्ये आहेत का. माझे होते, ओळखीतल्या एकाचे नव्हते, तिथं भांडण झालं.

आणि मग रिटेनर, म्हणजे सरळ झालेले दात तिथंच धरून ठेवणारा ट्रे. दात सरळ झाले तरी हिरड्यांमधले तंतू कित्येक महिने जुन्याच जागेकडं ओढत असतात. पहिले काही महिने जवळजवळ दिवसभर, नंतर रोज रात्री. किती वर्षं, म्हणून विचारलं तर डॉक्टर म्हणाले, दात सरळ पाहिजेत तितकी वर्षं. खालच्या दातांना मागून एक बारीक तारपण चिकटवलीय, ती कुणाला दिसत नाही.

जुने ट्रे टाकून द्यायचे का?

चालू जोडाच्या आधीचा ठेवा, बाकीचे टाकले तरी चालतात. मी सगळे एका मिठाईच्या बॉक्समध्ये ठेवले होते, पहिला आणि शेवटचा शेजारी शेजारी धरून बघायला मजा येते. मग शाळेच्या गॅदरिंगला पोराला राक्षस व्हायचं होतं. त्यानं पहिला जोड नेला, त्याला लाल रंगाचे सुळे चिकटवले, आणि घरी आल्यावर म्हणाला, पप्पा, तुमचे जुने दात राक्षसाला एकदम बरोबर बसले.